पत्र्याच्या भिंतीमागचं विमान

त्या वर्षांत आमच्या घरात पुरती झोप झालेलं कोणीच नसायचं. नवरा कुकटपल्लीच्या एका कारखान्यात होता. बाजार खुला झाल्यावर तिथे माणसं कमी केली आणि उरलेल्यांच्या अंगावर दोघादोघांचं काम आलं. मी विमानतळावर रडारच्या देखभालीला होते. माझ्या पाळ्या सारख्या बदलायच्या, त्याच्या बदलायच्या नाहीत. त्यामुळे नारायणगुड्याच्या आमच्या दोन खोल्यांत एक जण कुकर लावायचा तेव्हा दुसरा दात घासत असायचा. भांडायलासुद्धा वेळ जुळत नसे. तो पुण्याचा, मी इथली. आमचं घराणं निजामाच्या काळापासून या शहरात. लग्नानंतर सुरुवातीला तो माझ्या बोलण्यातल्या 'नक्को'ला आणि 'परेशान'ला हसायचा. पुढे हसायचा थांबला. माझी भाषा काही सुधारली नव्हती, तो दमला होता.

विमानं एकाएकी वाढली होती. आधी सरकारी कंपनीची मोजकी विमानं यायची आणि त्यांच्या वेळांवर आमचं चहापाणी ठरायचं. मग खासगी कंपन्या आल्या. मुंबई, मद्रास, बंगळूर, दिल्ली. सकाळी एक झुंबड, संध्याकाळी दुसरी. धावपट्टी तीच, माणसं तेवढीच. त्याच सुमारास आमच्याकडे नवं रडार आलं, आणि सगळ्यांना वाटलं की आता काम हलकं होईल.

नवं रडार कसं चालतं ते इथे सांगायला हवं, कारण पुढची सगळी हकिगत त्यावरच आहे. जुन्या प्रकारचं रडार नुसती लहर फेकतं. ती विमानाच्या अंगावर आपटून परत आली की पडद्यावर ठिपका उमटतो. तो ठिपका कोणाचा आणि किती उंचीवरचा, ते त्याला विचारता येत नाही. नवं रडार विचारायचं. विमानात एक पेटी असते, तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. जमिनीवर आमचा अँटेना गोल फिरत राहायचा आणि तोंड असेल त्या दिशेला प्रश्न टाकत जायचा: तू कोण, आणि किती उंचीवर? पेटीला प्रश्न ऐकू आला की ती आपली आपण उत्तर द्यायची. 'कोण' याचं उत्तर म्हणजे चार आकडी कोड. तो कंट्रोलर रेडिओवरून प्रत्येक विमानाला वेगळा देतो आणि पायलट पेटीवर लावतो. उंची पेटी स्वतःच विमानातल्या यंत्राकडून घेते. म्हणून पडद्यावर प्रत्येक ठिपक्याशेजारी आकड्यांचं एक छोटं लेबल असायचं. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळायचं, आणि त्या क्षणी अँटेनाचं तोंड कुठे होतं त्यावरून दिशा. इतकं साधं होतं ते. पेटी बंद असली तर विमान या रडारला दिसायचंच नाही.

विमानतळावर तेव्हा दोन जाती होत्या. एक कंट्रोलर लोकांची; ते पडद्यासमोर बसून विमानांशी बोलायचे. दुसरी आमची, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची. पडदा, अँटेना, त्याची मोटर, थंड हवेचं यंत्र, सगळं चालू ठेवायचं. काही बिघडलं की ते म्हणायचे मशीन, आम्ही म्हणायचो माणूस. मी दोन्हीकडे चहा प्यायचे, म्हणून दोन्हीकडच्या तक्रारी माझ्या वाट्याला यायच्या.

कंट्रोलरमध्ये एक वरिष्ठ होते. तेलुगू, शांत, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. मला ते 'अम्मा' म्हणायचे, मी त्यांना 'सर'. त्यांची उमेदीची सारी वर्षं रडार नसतानाच्या काळात गेली होती. तेव्हा पायलट रेडिओवर सांगायचे, आम्ही अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर. आणि सर ते कागदाच्या पट्ट्यांवर लिहून पट्ट्या पुढे-मागे सरकवायचे. आकाश सगळं डोक्यात. पट्ट्यांकडे पाठ करून बसले असताना कोणी विचारलं तरी ते कुठलं विमान कुठे आहे ते सांगायचे, असं जुने लोक सांगत. नवं रडार आलं तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. तरुणांबरोबर बाकावर बसून शिकले.

ती संध्याकाळ मी पाहिली नाही. माझी सकाळपाळी होती, मी घरी होते. दुसऱ्या दिवशी ऐकलं ते असं. गर्दीची वेळ होती. मुंबईचं विमान नुकतंच उडून वायव्येकडे चढत होतं. सरांना पडद्यावर त्याच्या अगदी समोर, जवळजवळ त्याच उंचीवर, दुसरा ठिपका दिसला. दोघांची लेबलं एकमेकांवर चढली होती, त्यामुळे दुसऱ्याचा कोड वाचता येईना. उंचीचे आकडे मात्र दिसले. सरांनी मुंबईच्या विमानाला ताबडतोब उजवीकडे वळायला सांगितलं. पायलटने जोरात वळवलं. आत चहाची गाडी फिरत होती. एक हवाई सुंदरी पडली आणि तिचं मनगट मोडलं. पायलटने विचारलं, समोर कोण होतं? तोपर्यंत ठिपका गायब झाला होता. त्या बाजूला एकही विमान नव्हतं. शेजारी बसलेल्या माणसाने काही पाहिलं नव्हतं, तो फोनवर होता.

चौकशी लागली. सरांना खुर्चीवरून उठवून मागच्या खोलीत एक टेबल दिलं. आमच्या विभागाला रडार तपासायचा हुकूम आला. आम्ही तपासलं, मीही त्यात होते. प्रश्न बरोबर जात होता, उत्तर बरोबर वाचलं जात होतं, अँटेना ठरलेल्या वेगाने फिरत होता. आमच्या साहेबांनी कळवलं की यंत्रात दोष नाही. ते खरंच होतं. म्हणजे उरला माणूस.

मी एकदा त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले. टेबलावर काहीच नव्हतं, पेन्सिलसुद्धा नाही.

"अम्मा, मला दिसलं होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"सगळे म्हणतात वय झालं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणतो डोळे ठीक आहेत." त्यांनी चहाचा कप पुढे ओढला. "मग त्याने विचारलं, झोप नीट लागते का?"

मी हसले. ते हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ते मला फाटकापाशी भेटले. बसची वाट बघत होते. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "विचार केला मी. कदाचित दिसलं नसेलही."

बसमध्ये बसल्यावर मला त्याचं फार वाईट वाटलं. त्यांच्यावर ठपका आल्याचं वाटलं होतं त्याहून जास्त. कुणी आपल्यावर विश्वास ठेवला नाही तर माणूस रागावतो, भांडतो, आणि तग धरतो. त्यांचा आता स्वतःवरचाच विश्वास उडत चालला होता. मला त्या दिवसांत कशासाठीही जागचं उठायचं त्राण नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर मी घरी गेले नाही. रडारच्या खोलीत कंट्रोलरच्या मागे एक खुर्ची ओढून बसले.

"काय मॅडम, घरी जेवायला नाही का?" खुर्चीतल्या कंट्रोलरने विचारलं. नव्याने बदलून आलेला तो, बंगाली गृहस्थ.

"घरी भाजी चिरायची आहे. इथे बरं," मी म्हटलं.

बरेच दिवस काही दिसलं नाही. डोळे दुखायचे. पडद्याच्या हिरव्या उजेडात बसून बसून घरी गेल्यावर भिंतीही हिरव्या वाटायच्या. नवऱ्याने एक-दोनदा विचारलं, ओव्हरटाइम मिळतो का? नाही म्हटल्यावर त्याने आपलं ताट वाढून घेतलं.

मग एका संध्याकाळी ते आलं. मद्रासहून येणारं विमान दक्षिणेकडून जवळ येत होतं. त्याचा ठिपका, त्याचं लेबल जागच्या जागी. आणि पश्चिमेच्या थोडं वर, जिथे कोणीही नव्हतं, तिथे दुसरा ठिपका उगवला. अँटेनाचे काही फेरे राहिला आणि गेला. मी किंचाळलेच असणार, कारण कंट्रोलरने हेडफोन काढला. आम्ही दोघांनी पाहिलं होतं. त्या वेळी त्या बाजूला दुसरं विमान नसल्यामुळे लेबल स्वच्छ वाचता आलं. कोड मद्रासच्या विमानाचाच होता. उंचीही तीच.

एक विमान दोन जागी. आमच्या धंद्यात याला घोस्ट म्हणतात. पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

त्या रात्री घरी नवऱ्याला मी समजावून सांगितलं. म्हणजे खरं तर स्वतःलाच.

"अँटेना फिरताना पश्चिमेला तोंड करून प्रश्न टाकतो. तिकडे कुठेतरी मोठा, सपाट, धातूचा काहीतरी तुकडा उभा आहे. प्रश्न त्याच्यावर आपटून दक्षिणेला जातो. तिथे मद्रासचं विमान असतं. पेटीला काय कळणार प्रश्न कुठल्या वाटेने आला? ती आपली प्रामाणिकपणे उत्तर देते. उत्तर त्याच वाटेने, त्याच तुकड्यावर आपटून परत. आणि आपण समजतो, तोंड पश्चिमेला होतं, तेव्हा विमान पश्चिमेला आहे."

"म्हणजे विमान खरं तेच बोलतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि रडारही खरं तेच सांगतं."

"हो."

"मग खोटं कोण बोलतंय?"

"कोणीच नाही," मी म्हटलं, आणि एवढी दमले होते की मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही दोघांनी पाहिलं, लिहून द्या. पण चौकशीवाले म्हणतील एकमेकांना सांभाळून घेतात. मी बंगाली कंट्रोलरला म्हटलं, आपण सरांना बोलावू या आणि त्यांच्या देखत दाखवू. त्याने एक युक्ती सुचवली. त्या पेटीवर एक बटण असतं. कंट्रोलरने सांगितलं की पायलट ते दाबतो, मग त्याचं उत्तर काही वेळ वेगळं येतं आणि पडद्यावर त्याचा ठिपका फुलून मोठा होतो. गर्दीत नेमकं विमान ओळखायला ते वापरतात.

सर यायला तयार नव्हते. "त्या खोलीत मला बसायची परवानगी नाही," म्हणाले.

"बसू नका, उभे राहा," मी म्हटलं. एरवी मी त्यांच्याशी असं बोलले नसते.

ते आले आणि दारापाशी, हात मागे बांधून उभे राहिले. मद्रासचं विमान दक्षिणेकडून येत होतं. आम्ही वाट बघत राहिलो. पश्चिमेला दुसरा ठिपका उमटला तसा कंट्रोलरने मद्रासच्या पायलटला शांतपणे सांगितलं, बटण दाबा. अँटेनाचा फेरा आला. दक्षिणेचा ठिपका फुलला. आणि पश्चिमेचाही फुलला. एक पायलट, एक बोट, एक बटण. आणि दोन ठिपके एकदम मोठे झाले.

मी मागे वळून पाहिलं. सर पडद्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. लांबचा प्रवास करून आलेला माणूस स्टेशनवर उतरल्यावर जसा नुसता उभा राहतो, तसे ते उभे होते. ठिपका गेल्यावर म्हणाले, "तिथेच. त्या दिवशी तिथेच होता."

कँटीनमध्ये चहा घेताना ते पहिल्यांदा मोकळं बोलले. "अम्मा, पूर्वी विमानं माझ्या डोक्यात असायची. पट्टी हरवली तरी विमान हरवायचं नाही. रडार आलं तसं मी डोकं रिकामं करत गेलो. बघायला पडदा आहे ना. त्या दिवशी पूर्वीसारखं डोकं असतं तर मी म्हटलं असतं, त्या बाजूला मी कोणाला सोडलेलंच नाही, मग हा कोण? पण तेवढं विचारायला डोक्यात काही उरलं नव्हतं."

मी म्हटलं, "सर, समोर विमान दिसतंय म्हटल्यावर कोणीही वळवलं असतं."

"वळवायलाच पाहिजे होतं," ते म्हणाले. "ते नाही म्हणत मी."

चौकशीला कारण हवं होतं: घोस्ट असेल तर तो धातूचा तुकडा कुठे आहे? दिशा मला पडद्यावरून माहीत होती. खऱ्या ठिपक्याचं आणि खोट्या ठिपक्याचं अंतर घेऊन हिशेब मांडला की तुकडा अंदाजे किती लांब, तेही निघत होतं. सनतनगरच्या पुढे, कुकटपल्लीच्या अलीकडे कुठेतरी. नकाशावर बोटभर जागा. प्रत्यक्षात गल्ल्याच गल्ल्या. ऑफिसची जीप मिळायला वेळ लागणार होता. रविवारी नवऱ्याने स्कूटर काढली.

"सुट्टीच्या दिवशी लोक बायकोला सिनेमाला नेतात," तो म्हणाला.

"तू मला लोकांच्या गच्च्या दाखवायला ने."

नवी घरं नुकतीच उठत होती. सळया वर निघालेल्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या. मी मागे बसून मान वर करून बघत होते. दुपारी ऊन कललं तेव्हा एका वळणावर अचानक डोळे दिपले. एका दुमजली घराच्या गच्चीवर नव्या कोऱ्या पत्र्याची भिंत उभी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सलग, उंच. वरच्या कडेला लाल अक्षरांत कंप्युटर क्लासची पाटी रंगवलेली. त्या वर्षांत हैदराबादेत गल्लीगल्लीत असे क्लास निघत होते.

आम्ही खाली उभे राहून आपसांत बोलत होतो. वरून आवाज आला, "काय बघायलाव?"

साठीकडे झुकलेले एक गृहस्थ कठड्यावरून वाकून बघत होते. आमचं मराठी ऐकून त्यांनीच वर बोलावलं. त्यांचे आजोबा मराठवाड्यातून इथे आलेले. शेत कधीच सुटलेलं. ते स्वतः एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. कारखान्याने माणसं कमी करायची योजना आणली, तेव्हा हातात आलेले पैसे घेऊन घरी बसले. बसवेना, म्हणून गच्चीवर स्वतःच्या हाताने शेड उभारली आणि क्लासवाल्याला भाड्याने दिली. पत्रे अफझलगंजहून आणले होते. एकेक बोल्ट त्यांनी मला दाखवला. बोल्ट सरळ एका ओळीत होते. काकू चहा घेऊन वर आल्या. आतून मुलांच्या बोटांचा कीबोर्डवरचा टकटक आवाज येत होता, आणि शेडमधून भट्टीसारखी झळ.

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्या विमानाला माझा पत्रा नडतो?"

"विमानाला नाही, काका. आमच्या रडारला."

"मग रडार हलवा."

"ते हलत नाही."

"माझी भिंत हलते होय?" त्यांचा आवाज चढला. "मी नगरपालिकेत विचारून बांधलंय. उंचीचा नियम पाळलाय. नियम मोडला असंल तर दाखवा."

"नाही मोडला," मी म्हटलं. "तुमचं काहीच चुकलेलं नाही."

"मग कशाला आलाव?"

मी जे आलं ते बोलले. "आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. या पत्र्यामुळे त्यांना नसलेलं विमान दिसलं आणि त्यांनी खरं विमान वळवलं. सगळे म्हणतात त्यांना भास झाला. मी ही भिंत दाखवली तर त्यांच्यावरचं बालंट जाईल. बाकी भिंतीचं काय करायचं, ते मला नाही सांगता येणार."

काकू म्हणाल्या, "पत्रा काढला तर पोरांचे कंप्युटर भिजतील ना, बाई. क्लासवाला सोडून जाईल." त्या रागाने बोलल्या नाहीत. नुसतं कळवल्यासारखं.

"त्या साहेबांचं वय काय?" काकांनी विचारलं.

"तुमच्याएवढं असेल."

"घ्या मोजून," ते म्हणाले आणि उठून त्यांनीच टेपचं दुसरं टोक धरलं. भिंतीची लांबी, उंची, तोंड कोणत्या दिशेला, सगळं आम्ही घेतलं. जाताना मला म्हणाले, "माझ्या कारखान्यात पण असंच झालं होतं. मशीन बरोबर, मालक बरोबर, हिशेब बरोबर. घरी मी आलो."

परतताना स्कूटरवर नवरा म्हणाला, "आमच्याकडेही पुढच्या महिन्यात ती योजना येणार म्हणतात." त्याला हे आधीपासून माहीत होतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. मी त्याच्या पाठीला डोकं टेकलं. विचारलं नाही का सांगितलं नाहीस. सांगणार तरी कधी?

मोजमापं जुळली. भिंतीची दिशा, कोन, आमच्या अँटेनापासूनचं अंतर. कागदावर रेषा काढली की ती मद्रासच्या वाटेवर जाऊन पोचत होती, आणि सरांच्या त्या संध्याकाळीही मद्रासचं विमान त्याच वाटेने येत होतं. चौकशीत सरांवरचा ठपका निघाला. सगळ्या कंट्रोलरना सांगण्यात आलं की त्या बाजूला कोड जुळा दिसला तर आधी बटण दाबायला लावा. यंत्रातच त्या भिंतीची नोंद करून खोटी उत्तरं गाळता येत होती, पण त्यासाठी रडार बनवणाऱ्या परदेशी कंपनीचा माणूस यायला हवा होता, आणि त्याला बोलावणं हे वेगळंच प्रकरण होतं. आमच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मला नव्या पाळ्यांचं वेळापत्रक दिलं. त्यात माझ्या सुट्ट्या कमी झाल्या होत्या, कारण एक जण बदलून गेला होता.

सर पुन्हा खुर्चीत बसले. सगळ्यांनी हात मिळवले, कोणी पेढे आणले. मला वाटलं, झालं, संपलं. महिन्याभरातच त्यांनी स्वतः अर्ज करून रडार सोडलं आणि विमानांच्या प्रवासाचे आराखडे घ्यायच्या टेबलावर जागा मागून घेतली. मला फार लागलं ते. मी त्यांना विचारायला गेले.

"सर, आता तर सिद्ध झालं. तुमचं चुकलं नव्हतं."

"हो, अम्मा. तू केलंस ते माझा मुलगासुद्धा करणार नाही." त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "पण आता ठिपका दिसला की मी थांबतो. विचारतो, हा खरा आहे का? प्रत्येक वेळी. खरा असतो. पण मी थांबलेला असतो. खुर्चीतल्या माणसाला ते चालत नाही."

"हळूहळू जाईल ते."

"जाईल. पण विमानं तोपर्यंत थांबतील का?"

आणि त्यांनी पुढच्या पायलटचा कागद घेतला.

काकांच्या शेडचं पुढे जे झालं ते आमच्यामुळे झालं नाही. मोठ्या रस्त्यावर थंड हवेचा, काचेच्या दाराचा कंप्युटर क्लास उघडला आणि पोरं तिकडे गेली. क्लासवाला शेड सोडून गेला. एकदा कुकटपल्लीला नवऱ्याच्या कारखान्यात काम होतं, तेव्हा मी मुद्दाम त्या वळणावरून गेले. गच्ची मोकळी होती. पत्रे उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेले, वरून प्लास्टिक घातलेलं. वर जाऊन भेटावं असं वाटलं, पण काय बोलणार? पत्रे उतरले म्हणून आमचं काम सोपं झालं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी रिक्षातून उतरले नाही.

परदेशी कंपनीचा माणूस आला तो त्यानंतर बऱ्याच काळाने. उंच, घामाघूम, पाण्याच्या बाटल्या बरोबर घेऊन. मी त्याला म्हटलं, ती भिंत आता नाही. तो म्हणाला, असू दे नोंद, बिघडत नाही. तुमच्या शहरात बांधकाम बघता उद्या दुसरी उभी राहील. आणि ते खरंच ठरलं. काचेच्या, ॲल्युमिनियमच्या इमारती उठत गेल्या आणि आम्ही प्रत्येकीची दिशा आणि अंतर यंत्रात भरत गेलो. त्या कामाचं शेवटी मला कौतुकपत्र मिळालं. तोवर नवऱ्याने त्या योजनेचे पैसे घेऊन कारखाना सोडला होता आणि घरी बसून दुसरी नोकरी शोधत होता. मी दुप्पट पाळ्या घेत होते.

यंत्राचं काम पुरं झालं त्या दिवशी मी सरांच्या टेबलापाशी गेले. समोर पायलटांची रांग होती. ते प्रत्येकाचा कागद वाचायचे, शिक्का मारायचे, परत द्यायचे. मी बाजूला उभी राहिले. रांग थोडी कमी झाल्यावर म्हटलं, "सर, पश्चिमेचं भूत गेलं. आता पडदा स्वच्छ आहे."

"चांगलं झालं, अम्मा," ते म्हणाले. मग जरा वर बघून विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जा, जेव जाऊन. तोंड बघ कसं झालंय."

मी बस पकडली. खिडकीची जागा मिळाली आणि बसल्या बसल्या डोळा लागला. कंडक्टरने खांदा हलवून उठवलं तेव्हा बस रिकामी झाली होती, बाहेर अफझलगंजची गर्दी, हमालांच्या आरोळ्या. नारायणगुडा केव्हाच मागे गेलं होतं.

"कहाँ उतरना था, अम्मा?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. तो म्हणाला, बैठो, येइच गाडी वापस जाती. मी बसून राहिले.